मानवाधिकार परिषदेचं वेळापत्रक बदलायचं असेल तर

जिनिव्हात मानवाधिकारांच्या बैठकांचं वेळापत्रक बदलायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकाच मागणीने सुरुवात करतो: वेळ अपुरा पडतो, वाढवून द्या. मागणी खरी असते आणि तिचा उपयोग काडीचा नसतो. वेळ पुरत नाही हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे, अध्यक्षांना तर सगळ्यांत जास्त. काही छोट्या संस्थांच्या वतीने या वेळापत्रकावर टिपणं, सूचना आणि मुख्यतः हरकती लिहिणं हे माझं काम आहे. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. वेळ मागू नका, आहे तो वेळ वेगळा मांडून दाखवा. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि बेरीज-भागाकार एवढ्यावर भागतं.

आधी एवढं पक्कं करा की तुम्ही कुणाची घडी मोडायला निघाला आहात. एक आहे मानवाधिकार परिषद: 47 सदस्य देश, आमसभेने निवडून दिलेले, 2006 पासून. दुसऱ्या आहेत करारांतर्गत समित्या, म्हणजे मानवाधिकारांचे करार देश पाळतात की नाही ते तपासणाऱ्या, संख्येने दहा. त्यांत देश बसत नाहीत, स्वतंत्र तज्ज्ञ बसतात. नागरी व राजकीय हक्कांच्या समितीत 18, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावरच्या समितीत, म्हणजे सीडॉत, 23. शहर एकच, इमारतीही बऱ्याचदा त्याच, त्यामुळे नवखा माणूस दोन्हींना एकच अर्ज पाठवतो आणि दोन्हीकडून गोड शब्दांत परत येतो.

दहा चौकोन

संयुक्त राष्ट्रांत वेळ तासांत मागत नाहीत, बैठकांत मागतात. एक बैठक तीन तासांची. सकाळी 10 ते 1, दुपारी 3 ते 6. आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दहा बैठका. कागदावर दहा चौकोन आखा आणि मागच्या सत्रातला एखादा आठवडा त्यात भरून बघा. कुठल्या चौकोनात काय झालं, ते कितीला सुरू झालं, कितीला संपलं. परिषदेच्या बैठकांची चित्रफीत उपलब्ध असते, त्यामुळे हे घरबसल्या करता येतं. चार आठवडे असे भरले की त्या सत्राबद्दल तुम्हाला बऱ्याच मुत्सद्द्यांपेक्षा जास्त कळलेलं असेल. अतिशयोक्ती करत नाही.

चौकोन तीनच तासांचा का, याचं उत्तर दालनाच्या भिंतीवर काचेमागे बसलेलं असतं. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहा अधिकृत भाषा. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिशच्या कक्षात दोन-दोन दुभाषी. अरबी आणि चिनीच्या कक्षात तीन-तीन, कारण त्यांना दोन्ही दिशांनी काम करावं लागतं. एकूण चौदा माणसं. एका दुभाष्याला आठवड्यात सातपेक्षा जास्त बैठका देत नाहीत. म्हणजे दहाचे दहा चौकोन भरायचे तर एक चमू पुरतच नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत बैठक घालायची म्हटलं की पुन्हा नवा चमू, नवा खर्च. "नाहीतरी 1 ते 3 दालन रिकामंच असतं" असं तुमच्या प्रस्तावात लिहिलेलं दिसलं की सचिवालयातला माणूस पुढचं पान वाचत नाही.

विसाव्या क्रमांकाच्या दालनात, मिकेल बार्सेलोने रंगवलेल्या त्या लोंबत्या छताखाली, सहाला पाच कमी असताना काय होतं ते एकदा बघाच. वक्त्यांची यादी पडद्यावर असते. अध्यक्ष दुभाष्यांकडे बघून आणखी काही मिनिटं मागतात. मिळाली तर दोन-तीन वक्ते आणखी होतात. मग लाकडी हातोडी. यादीत खाली जी नावं उरतात ती पाहून घ्या, कारण प्रत्येक वेळी ती साधारण एकाच प्रकारच्या संस्थांची असतात. त्याबद्दल पुढे बोलतेच.

नियम कुठे लिहिला आहे

वेळापत्रकाचा नियम कुठल्या कागदावर आहे त्यावर तो बदलायला किती वर्षं लागतील ते ठरतं. हा शोध आधी घ्या, मग सूचना लिहा. उलटं करणारे पुष्कळ आहेत.

परिषदेचा मूळ नियम आमसभेच्या ठराव 60/251 मध्ये आहे, 15 मार्च 2006 चा. वर्षात किमान तीन सत्रं, त्यातलं एक मुख्य, सगळी मिळून किमान दहा आठवडे. ही खालची मर्यादा आहे. वरची मर्यादा लिहिलेलीच नाही. म्हणून परिषद त्या ठरावाला हात न लावता फुगत गेली. 2024 चं वसंतातलं सत्र 26 फेब्रुवारी ते 5 एप्रिल असं सहा आठवडे चाललं. परिषदेच्या आधी जो मानवाधिकार आयोग होता तो वर्षातून एकदाच, वसंतात, सहा आठवडे बसायचा. त्या आयोगाच्या अख्ख्या वर्षाइतकं आता नुसतं एक सत्र झालं आहे.

सीडॉचं नेमकं उलटं. त्या कराराच्या कलम 20 मध्येच लिहिलंय की समिती सर्वसाधारणपणे वर्षाला दोन आठवड्यांहून जास्त भरणार नाही. ही वरची मर्यादा, आणि तीही करारात. करार लिहिणाऱ्यांना कल्पना नव्हती की पुढे 180 हून जास्त देश त्यात येतील. 1995 मध्ये हे कलम बदलायची दुरुस्ती आमसभेने मंजूर केली. ती लागू व्हायला दोन तृतीयांश सदस्य देशांची संमती लागते, आणि ती अजून पुरी झालेली नाही. मग समिती वर्षाला तीन सत्रं कशी भरवू लागली? आमसभेने ठराव करून जादा वेळ दिला म्हणून. मुख्य दार तीस वर्षं उघडलं नाही, बाजूच्या दाराने सगळे आत गेले.

यातून कामाची गोष्ट एवढीच: करारात बदल सुचवू नका, जोवर दुसरा एकही रस्ता शिल्लक आहे. आर्थिक-सामाजिक हक्कांची समिती तर आर्थिक व सामाजिक परिषदेच्या 1985 च्या ठरावाने झालेली आहे, करारातून आलेली नाही. तिथला रस्ता वेगळा. परिषदेच्या कामकाजातल्या बारीक गोष्टी, म्हणजे बोलायची मिनिटं, यादीचा क्रम, कुठली चर्चा कुठल्या सत्रात, या बहुतेक परिषदेचा स्वतःचा ठराव, निर्णय किंवा अध्यक्षीय निवेदन यांनी बदलतात. त्यासाठी न्यूयॉर्कपर्यंत, म्हणजे आमसभेपर्यंत, जावं लागत नाही, जोवर पैसा लागत नाही.

सर्वांत चांगला धडा: 48 आणि 49

माझ्या मते आजवरची सर्वांत हुशार वेळापत्रक-सुधारणा सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यात झाली. हा आढावा म्हणजे यूपीआर: संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाची मानवाधिकारांबाबत पाळीपाळीने झडती, इतर देशांकडून. कुणाला सूट नाही. यूपीआरचं कामकाज करणारा गट वर्षातून तीनदा, दोन-दोन आठवडे बसतो.

पहिली फेरी 2008 ते 2011. दर सत्रात 16 देश, वर्षाला 48, चार वर्षांत बारा सत्रं. बारा गुणिले सोळा, 192. त्या वेळी सदस्य देश बरोबर 192 होते. हिशोब इतका घट्ट बसवलेला की हलायला जागा नाही. प्रत्येक देशाला तीन तास. आणि गर्दी अशी, की वक्त्यांच्या यादीत नाव लागावं म्हणून शिष्टमंडळांतली माणसं दार उघडायच्या कितीतरी आधीपासून रांगेत. ज्याच्याकडे रांगेत उभं करायला माणूस नाही त्याचा देश गप्प. मित्रदेशांनी पहाटे रांग धरून यादी स्तुतीने भरून टाकायची हाही प्रकार चालायचा.

2011 च्या फेरविचारात हे बदललं. फेरी चारऐवजी साडेचार वर्षांची केली. दर सत्रात 16 ऐवजी 14 देश. प्रत्येक देशाला तीनऐवजी साडेतीन तास. आता कागद घ्या. आधी: 16 गुणिले 3, एका सत्राला 48 तास. नंतर: 14 गुणिले साडेतीन, 49 तास. एका सत्रामागे जेमतेम एक तास वाढला! दुभाषी जवळपास तेवढेच, दालन तेच, आठवडे तेच. किंमत कुठे मोजली? फेरी सहा महिने लांबली, एवढीच. आणि चौदा सत्रं गुणिले चौदा, 196. दक्षिण सुदान आल्यावर झालेल्या 193 देशांना पुरून थोडी मोकळीक उरली.

त्या साडेतीन तासांची, म्हणजे 210 मिनिटांची वाटणीही ठरवून दिली. ज्याचा आढावा त्या देशाला 70 मिनिटं, बाकीच्यांना 140. ज्यांना बोलायचंय त्या सगळ्यांनी ठरलेल्या दिवसांत नाव नोंदवायचं, 140 मिनिटं सगळ्यांत वाटायची, यादी वर्णानुक्रमे आणि सुरुवात कुठल्या देशापासून करायची ते चिठ्ठी काढून. रांग संपली. नावं खूप आली की एकेकाच्या वाट्याला मिनिटभरच येतं हे खरं, आणि मिनिटभरात कुणी काही शहाणपणाचं बोलू शकतं का हा प्रश्नही खरा. पण गप्प कुणाला बसावं लागत नाही.

तुमचा प्रस्ताव असा दिसला पाहिजे. एक आकडा कमी, एक आकडा जास्त, शेवटची बेरीज जवळपास तीच. हे एका पानावर मांडता आलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

समित्यांचं सूत्र

समित्यांसाठी हिशोब आयता तयार आहे. आमसभेच्या एप्रिल 2014 च्या ठराव 68/268 ने सूत्र घालून दिलं: आठवड्याला किमान अडीच देशांचे अहवाल तपासून व्हावेत असं धरून आठवडे काढायचे, त्यात इतर नेमून दिलेल्या कामासाठी समितीमागे दोन आठवडे मिळवायचे, आणि व्यक्तिगत तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांना तक्रारीमागे 1.3 तास. दर दोन वर्षांनी फेरहिशोब.

समजा एखाद्या समितीकडे वर्षाला 20 अहवाल येतात आणि 100 तक्रारी. वीस भागिले अडीच, आठ आठवडे. अधिक दोन, दहा. शंभर तक्रारींचे 130 तास. आठवड्याच्या दहा बैठका म्हणजे 30 तास, तेव्हा सव्वाचार आठवड्यांहून थोडं जास्त. एकूण सव्वाचौदा आठवडे आणि वर. समितीला प्रत्यक्षात बारा मिळत असतील तर तुमची मागणी "वेळ वाढवा" अशी राहत नाही. "तुमच्याच सूत्राने दोन आठवडे कमी पडतात" अशी होते. या दोन वाक्यांना मिळणाऱ्या उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या सूत्रात एक खोच आहे. ते आलेल्या अहवालांवर चालतं, यायला हव्या होत्या त्यांवर नाही. जो देश दहा वर्षं अहवालच पाठवत नाही तो समितीचा वेळ घेत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेळ दिलाही जात नाही. प्रामाणिकपणे वेळेवर अहवाल पाठवणाऱ्यांची मात्र रांग लागते. यावर उपाय म्हणून समित्यांच्या अध्यक्षांनी 2022 मध्ये आठ वर्षांच्या ठरलेल्या फेऱ्या मान्य केल्या: कुठल्या देशाचा आढावा कुठल्या वर्षी हे आधीच जाहीर, अहवाल येवो न येवो. कल्पना उत्तम. अडलंय पैशापाशी. अलीकडच्या वर्षांत संयुक्त राष्ट्रांकडे रोख रकमेची जी टंचाई आहे तिच्यामुळे ठरलेली सत्रंच पार पडतील की नाही याची धास्ती असते. नव्या फेऱ्यांना निधी कुठून यायचा. तरीही प्रस्तावात या आठ वर्षांच्या वेळापत्रकाचा आधार घ्याच. ते अध्यक्षांनी स्वतः मान्य केलेलं आहे, तुम्ही नव्याने काढलेलं खूळ नाही.

कुणाची मिनिटं कापली जातात

परिषदेत वेळ वाचवायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येकाचं बोलणं अर्ध्या मिनिटाने कमी करणं. शंभर वक्ते, दोन मिनिटांऐवजी दीड मिनिट: 200 मिनिटांची 150 झाली, चर्चा एका चौकोनात बसली, अहवाल मांडणाऱ्या स्पेशल रॅपोर्टरला (परिषदेने एखाद्या विषयासाठी किंवा देशासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाला) उत्तरासाठी अर्धा तासही उरला. कागदावर निर्मळ दिसतं.

पण कपात सगळ्यांवर सारखी बसत नाही. देशांच्या प्रतिनिधींचं निवेदन लेखीही प्रसिद्ध होतं, त्यांचे राजदूत कॉफीच्या टेबलावर उरलेलं बोलून घेतात. तुरुंगात असलेल्या भावाबद्दल बोलायला आलेली बाई त्या दीड मिनिटासाठीच आलेली असते. बोलायचा क्रमही बघा: ज्या देशाबद्दल चर्चा तो, मग सदस्य देश, निरीक्षक देश, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि सर्वांत शेवटी स्वयंसेवी संस्था. चौकोन भरला की कात्री शेवटाला लागते. म्हणून "सर्वांना समान कपात" असं कुठल्याही मसुद्यात आलं की मी एकच विचारते: यादी अपुरी राहिली तर? कपातीबरोबर स्वयंसेवी संस्थांसाठी राखीव मिनिटं लिहून घ्या. याला दाखला आहे. यूपीआरचा निकाल परिषदेत स्वीकारताना प्रत्येक देशामागे तासभर असतो, त्याचे तीन भाग ठरलेले: 20 मिनिटं त्या देशाला, 20 इतर देशांना, 20 स्वयंसेवी संस्थांना. वीस मिनिटं खूप नाहीत. पण ती उरलेल्या वेळातली नाहीत, हक्काची आहेत.

कार्यक्षमतेच्या नावाखाली अख्खी चर्चाच उडवायचा प्रयत्नही होतो. 2018 मध्ये जूनच्या सत्रातल्या सर्वसाधारण चर्चा काढून टाकायचा विचार पुढे आला तेव्हा संस्थांनी कडाडून विरोध केला. सर्वसाधारण चर्चा कंटाळवाण्या असतात हे मी शपथेवर सांगेन. पण ज्या देशावर स्वतंत्र ठराव नाही, रॅपोर्टर नाही, त्या देशातल्या माणसांना तोंड उघडायला तीच एक जागा असते. कंटाळवाणं आहे म्हणून निरुपयोगी आहे असं धरून चालू नका.

कॅलेंडरवर कॅलेंडर

आता दहा चौकोन बाजूला ठेवा आणि अख्ख्या वर्षाचं कॅलेंडर काढा. परिषदेची सत्रं फेब्रुवारी-मार्च, जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर अशी. यूपीआर साधारण जानेवारी, मे आणि नोव्हेंबरच्या आसपास. मध्ये समित्या. आता त्यावर इतर बैठका ठेवा. मार्चमध्ये न्यूयॉर्कला महिलांच्या स्थितीविषयीचा आयोग. जूनमध्ये जिनिव्हातच आंतरराष्ट्रीय श्रम परिषद. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आमसभेत राष्ट्रप्रमुखांची भाषणं. ऑक्टोबरमध्ये आमसभेची तिसरी, म्हणजे सामाजिक आणि मानवाधिकारांच्या प्रश्नांची समिती, जिथे स्पेशल रॅपोर्टर्सना पुन्हा अहवाल मांडायचे असतात. मोठ्या देशाला याचं काही नाही, त्यांच्याकडे माणसांची फौज आहे. दोन-तीन माणसांच्या दूतावासाला हे जमत नाही, आणि काही छोट्या द्वीपराष्ट्रांचं जिनिव्हात कायमचं कार्यालयच नाही. अल्पविकसित देशांना आणि छोट्या द्वीपराष्ट्रांना परिषदेत येता यावं म्हणून 2012 पासून खास निधी आहे. तुमच्या प्रस्तावाला पाठिंबा शोधताना त्याचा लाभ घेतलेल्या देशांपासून सुरुवात करा. वेळापत्रकाचा चटका त्यांना बसलेला असतो.

सणवारही बघा. ईदच्या दोन्ही दिवशी संयुक्त राष्ट्रांना सुट्टी असते. शिवाय दिवाळी, योम किप्पूर, वैशाख पौर्णिमा, गुरुपर्व अशा दिवशी बैठका शक्यतो टाळाव्यात असं आमसभेने 2014 मध्ये सांगून ठेवलंय. प्रस्तावातली एखादी तारीख अशा दिवशी आली तर विरोधकांना फुकटचं निमित्त मिळतं.

जास्त बोचणारी गर्दी अनौपचारिक वाटाघाटींची. ठरावांचे मसुदे पूर्ण सत्रात ठरत नाहीत. छोट्या खोल्यांत, एकाच वेळी तीन-चार ठिकाणी, दुभाष्यांशिवाय, बहुतेक इंग्रजीत ठरतात. सत्राचे आठवडे वाढवले तरी ही गर्दी हटत नाही, कारण ठरावांची संख्याच जास्त. इथला उपाय वेगळा: एकच विषय दरवर्षी न आणता दोन किंवा तीन वर्षांनी आणणं, आणि कुठला ठराव कुठल्या सत्रात येणार याचं वार्षिक वेळापत्रक आधी जाहीर करणं. परिषदेच्या 2011 च्या ठराव 16/21 मध्ये अशा ऐच्छिक वेळापत्रकाची तरतूद आहे. ऐच्छिक असल्याने पाळायचं की नाही ते ठराव आणणाऱ्याच्या मनावर. एखाद्या देशाला स्वतःचा ठराव दोन वर्षांतून एकदा आणायला राजी करणं हे काम ठरावाने होत नाही, समोरासमोर बसून होतं. आणि ते आधी तुमच्या मित्रदेशापासून करावं लागतं, नाहीतर तुमच्या बोलण्याला वजन उरत नाही.

कागद आधी, माणसं नंतर

सत्राची तारीख पंधरा दिवस अलीकडे घेतली की बाकी काय काय सरकतं? अहवालांच्या तारखा. नियमानुसार अहवाल बैठकीच्या दहा आठवडे आधी पोचायचा, चार आठवड्यांत संपादन आणि भाषांतर, आणि सहा आठवडे आधी सहाही भाषांत उपलब्ध व्हायचा. सचिवालयाच्या अहवालाला 8,500 शब्दांची मर्यादा, रॅपोर्टर आणि समित्यांच्या कागदाला 10,700. प्रत्यक्षात सहा आठवडे आधी कागद हातात पडला तर आम्ही पेढे वाटू. पण प्रस्तावात ही उलटी मोजणी दाखवलेली असलीच पाहिजे: सत्र जर फेब्रुवारीच्या शेवटी, तर अहवाल डिसेंबरच्या मध्यापर्यंत. सत्र पंधरा दिवस अलीकडे घेतलं तर ही मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला येते.

माणसांचीही उलटी मोजणी करा. जिनिव्हाला यायचं तर शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी द्यावा हे बरं. आता तुमची चर्चा कुठल्या दिवशी आहे हे सत्राला दोन आठवडे उरले असताना निश्चित होणार असेल, आणि मग तिसऱ्या आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात सरकणार असेल, तर दूरवरून येणाऱ्या साक्षीदाराने तिकीट कधीचं काढायचं? माझ्या मते छोट्या संस्थांसाठी सर्वांत मोलाची सुधारणा जादा मिनिटांची नाहीच. कुठली चर्चा कुठल्या आठवड्यात, एवढं तरी दोन महिने आधी ठरवून जाहीर करा आणि मग हलवू नका, ही ती सुधारणा. तिला पैसा लागत नाही. फक्त शिस्त लागते, म्हणून ती इतकी अवघड.

कोविडच्या काळात, 13 मार्च 2020 ला परिषदेचं 43 वं सत्र मध्येच थांबलं आणि 15 जूनला पुन्हा सुरू झालं. त्या दिवसांत चित्रफितीतून निवेदन द्यायची सोय झाली आणि व्हिसा न मिळणारे पुष्कळ आवाज पहिल्यांदा त्या दालनात ऐकू आले. पुढे दूरस्थ सहभाग पैशाअभावी आणि आमसभेची रीतसर परवानगी नसल्याने आवरता घेतला गेला. हे परत आणायचं असेल तर ते वेगळा प्रस्ताव म्हणून आणा. वेळापत्रकाच्या प्रस्तावात शेवटचा परिच्छेद म्हणून जोडलात तर त्याच्या खर्चापायी बाकीचं सगळं बुडेल.

पैशाचं दार

आमसभेच्या कामकाजाचा नियम 153 सांगतो की खर्च होणारा कुठलाही ठराव खर्चाच्या अंदाजाशिवाय पुढे जाणार नाही. म्हणून मसुदा तयार झाला की सचिवालय हिशोब करतं: किती जादा बैठका, किती दुभाषी, किती पानांचं भाषांतर. मग तो न्यूयॉर्कला आमसभेच्या पाचव्या, म्हणजे अर्थसंकल्पाच्या समितीपुढे जातो, वर्षअखेरीला. बैठकांचं एकत्रित वेळापत्रक परिषदांविषयीच्या (म्हणजे कॉन्फरन्सेसच्या) 21 देशांच्या समितीकडून जातं. म्हणजे पुढच्या वर्षीपासून बदल हवा असेल तर डिसेंबरमध्ये धावाधाव करून भागणार नाही. सप्टेंबरच्या सत्रापर्यंत ठराव झालेला हवा, आणि त्याची बोलणी जूनमध्ये सुरू.

मसुद्यात "उपलब्ध साधनसामग्रीतच" हे शब्द घालून खर्चाचा प्रश्न टाळता येईल असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ऐकू नका. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमच्या नव्या बैठकीसाठी दुसऱ्या कुणाची तरी जुनी बैठक जाईल, आणि ती कुणाची हे तुमच्या हातात राहत नाही.

मसुदा लिहिताना

मोकळी जागा ठेवा. परिषदेचे 16 सदस्य, म्हणजे एक तृतीयांश, एकत्र आले की विशेष सत्र बोलावता येतं. चालू सत्रात तातडीची चर्चाही होते, जशी 17 जून 2020 ला वंशभेदावर झाली. दहाही चौकोन काठोकाठ भरलेलं वेळापत्रक अशा पहिल्याच घटनेला कोसळतं. आठवड्याचा एक चौकोन कोरा सोडा आणि तो का कोरा आहे ते लिहा, नाहीतर पहिल्याच बैठकीत कुणीतरी तो मागून घेईल.

संक्रमणाचं कलम विसरू नका. परिषदेचं वर्ष सुरुवातीला जूनमध्ये सुरू व्हायचं. 2011 मध्ये आमसभेने ठराव 65/281 करून ते 2013 पासून 1 जानेवारीवर आणलं. मग ज्यांची मुदत जूनमध्ये संपत होती त्यांचं काय? त्यांना त्या वर्षाच्या अखेरपर्यंत मुदतवाढ दिली. कुणाचं काही गेलं नाही, म्हणून त्या मुद्द्यावर कुणी अडूनही बसलं नाही. तुमच्या बदलात ज्याचा एखादा हप्ता बुडतोय, ज्याचा अहवाल दोन सत्रांच्या मध्ये लोंबकळतोय, त्याला शोधा आणि त्याच्यासाठी एक ओळ लिहा.

मसुदा आधी ब्युरोला दाखवा: अध्यक्ष आणि चार उपाध्यक्ष, पाच प्रादेशिक गटांतून एकेक. मग गटांच्या समन्वयकांना. स्वयंसेवी संस्थेच्या नावाने आलेला प्रस्ताव पुढे सरकत नाही. तो एखाद्या देशाच्या, शक्यतो दोन वेगवेगळ्या प्रदेशांतल्या देशांच्या नावाने यायला हवा. श्रेय त्यांना द्या. तुमचं नाव कुठेच नसलं तरी चालेल.

मंजुरी मिळाली की पुढच्या सत्रात पुन्हा तोच चौकटीचा कागद घेऊन बसा. कुठली चर्चा ठरल्या आठवड्यात झाली, कुठली सरकली, राखीव मिनिटांतली किती प्रत्यक्ष मिळाली, यादी कुठे तुटली, सगळं टिपा. तो कागद डिसेंबरच्या संघटनात्मक बैठकीआधी ब्युरोच्या हातात पडला पाहिजे, कारण जानेवारीत नवे अध्यक्ष येतात आणि आदल्या वर्षी काय ठरलं होतं ते त्यांना कुणीतरी आकड्यांसकट सांगावं लागतं.